अडतीस इंचांचा रूट

गोडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत
टीव्ही आणि शिलाई मशीनच्या मधे
आता एक गोल काळी जाळी आहे,
अडतीस इंच रुंद, सहा पायांची.
भाच्यानं पुण्याहून धाडली, एसटीच्या पार्सलनं.
हमाल म्हणाला, शेडगेबाई, चाळण का हो एवढी मोठी?

सव्वीस वर्षं मी उभी होते.
सातारा–मेढा, सातारा–ठोसेघर, सातारा–बामणोली.
खांद्याला कातडी पिशवी, एका हातात तिकिटं, दुसऱ्यात पंच,
धरायला हात शिल्लकच नसायचा.
यवतेश्वरच्या वळणावर सीटच्या कडेला मांडी टेकवायची,
दोन पूर्ण एक अर्धं फाडायचं,
सुटे मोजायचे, वर भांडण मिटवायचं.
कधी पडले नाही.
म्हणजे एकदा पडले, कासच्या अलीकडं,
शेळी आडवी आली तेव्हा. ते सोडा.

मग सत्कार, नारळ, शाल,
आणि खुर्ची.
खुर्ची वाईट नसते. ती कुठं जात नाही, एवढंच.
तीन वर्षांत गुडघ्यांत वाळू भरली,
साखर दोनशे चाळीसवर गेली,
आणि एका सकाळी मोरीपाशी, कोरड्या फरशीवर
माझा तोल गेला.
सपाट जागा. ना वळण, ना शेळी.

फिजिओथेरपीवाली पोरगी, तेजल पाडळकर,
माझ्या लेकीहून लहान, म्हणाली,
हाडांना थोडा धक्का लागतो, मावशी,
नाहीतर ती आळसावतात.
पण गुडघ्यांना मार नको.
जमीन तुमचं वजन जसंच्या तसं तुमच्यावर फेकते,
जाळी त्यातलं बरंचसं स्वतः सोसते.
असा एक साहेब डेपोत मिळाला असता तर, मनात आलं.

पहिल्या दिवशी खिडकीचा गज धरून नुसती उभी राहिले.
जाळी खाली नमली, पोटात खड्डा पडला.
तळव्यांना कळेना कुणावर विसंबायचं.
उडी मारायचीच नाही, पाडळकरबाईंचा हुकूम.
टाच उचल, टाच टेक.
पोटऱ्या पिळल्या की रक्त वर चढतं म्हणे,
घाटात पहिल्या गिअरमध्ये गाडी चढते तसं, कुरकुरत.
चार मिनिटांत घाम, छातीत धडधड,
आणि खालच्या मजल्यावरचे भिलारेसर दारात:
काही दळताय का?

हसले सगळे. मीही.
त्यांना कंदी पेढा दिला, स्वतः घेतला नाही.
(खोटं कशाला, अर्धा घेतला.)

महिना झाला असेल.
एका संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता
गज केव्हा सुटला कळलंच नाही.
पाय खाली, पाय वर,
गुडघे आपसूक सैल,
कंबर आपसूक डावीकडं,
आणि उजवा हात खांद्याशी गेला,
नसलेली पिशवी सावरायला.
अगं बाई, म्हटलं, तू आहेस होय अजून!
कुणाला म्हटलं ते विचारू नका.
शिट्ट्या पाच झाल्या. भाताचा लगदा.

आता साखर एकशे साठच्या आसपास असते.
गोळ्यांमुळं, चालण्यामुळं, का जाळीमुळं,
डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत, मीही भांडत नाही.
एवढं खरं की परकर घालताना
भिंतीला हात लावत नाही मी.

मंगळवारी राजवाड्यावरून बामणोलीची गाडी धरली.
काम काही नव्हतं.
गर्दी होती, कंडक्टर नवी पोरगी,
हातात मशीन, बोटं चटचट.
एक अर्धं, म्हणाले,
आणि हसू आलं. माझ्या वेळी अर्धं म्हणजे मूल.
मावशी, बसा ना, ही पोरं उठतील.
नको.
मग धरून तरी उभ्या राहा, घाट लागेल.
होय गं.

समर्थ मंदिर मागं पडलं.
पुढचं वळण मला माहीत होतं.
दांड्याखाली हात नुसता उघडा ठेवला,
आणि गुडघे सैल सोडले.